स्लीव्हनंतर लक्ष्य वजन किती धरावे? फाइलवरच्या ५६ किलोंविषयी

तुमचा प्रश्न मी जसा समजले तसा आधी मांडते. वय ४१, उंची १५८ सेंटिमीटर, शस्त्रक्रियेच्या दिवशी वजन ११२ किलो. स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, होऊन सात महिने झाले आणि आज काटा ८६ दाखवतो. पहिल्या भेटीत मिळालेल्या फाइलवर 'आदर्श वजन ५६ किलो' असे लिहिलेले आहे. गेल्या महिन्यात मात्र जेमतेम दीड किलो उतरले, तुमच्या नणंदेच्या मैत्रिणीने बायपास (जठर लहान करून ते आतड्याच्या पुढच्या भागाला जोडण्याची, वजन कमी करण्याचीच दुसरी शस्त्रक्रिया) करून ५० किलो घटवले, आणि घरात 'एवढे पैसे घातले तरी अजून तीस किलो बाकीच आहेत' असे बोलणे सुरू झाले आहे. ५६ ला पोहोचायला आणखी किती महिने लागतील आणि पोहोचता आले नाही तर शस्त्रक्रिया फसली असे समजायचे का, हे तुम्ही विचारले आहे. शिवाय फेब्रुवारीत भाचीचे लग्न आहे, त्यासाठी ब्लाउज आताच शिवायला टाकावे की थांबावे, हेही विचारले आहे. त्याचेही उत्तर देते, पण शेवटी.

गेली सोळा वर्षे मी वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. तुमचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे औषधांविषयी काही सांगणार नाही. ते काम तुमच्या डॉक्टरांचे. मात्र लक्ष्य वजन कसे ठरवायचे याची रीत सांगता येईल, कारण हा प्रश्न माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून आठवड्यातून दोनदा तरी कोणी ना कोणी विचारते.

आधी सरळ उत्तर. तुम्ही बहुधा ५६ किलोंवर कधीच पोहोचणार नाही, आणि त्यावरून शस्त्रक्रिया फसली असा अर्थ निघत नाही. दिलेल्या माहितीवरून तुमचे वजन ७६ ते ८४ किलोंच्या दरम्यान कुठेतरी स्थिरावण्याची शक्यता मला अधिक वाटते. चुकले तर दोन-चार किलोंनी चुकेन, वीस किलोंनी नाही.

आता ५६ हा आकडा आला कुठून ते पाहू. 'आदर्श वजन' ही कल्पना लठ्ठपणाच्या उपचारांतून आलेली नाही, ती विमा व्यवसायातून आलेली आहे. मेट्रोपॉलिटन लाइफ या अमेरिकी विमा कंपनीने आपल्या विमेदारांपैकी कोणत्या वजनाची माणसे अधिक जगतात हे पाहून उंचीनुसार तक्ते तयार केले होते, आणि त्यांतले १९५९ व १९८३ चे तक्ते जगभरच्या दवाखान्यांत वापरले गेले. १९८३ च्या तक्त्यातली उंची एक इंच टाचेची पादत्राणे घालून आणि वजन घरातल्या कपड्यांसह धरलेले होते. अमेरिकी विमेदारांच्या मापाने नाशिकच्या किंवा सांगलीच्या बाईने आपले वजन ठरवावे, यातला विनोद मला अजूनही कमी वाटत नाही. दुसरा प्रचलित मार्ग म्हणजे सेंटिमीटरमधल्या उंचीतून शंभर वजा करण्याचा, फ्रेंच शल्यचिकित्सक ब्रोका यांच्या नावाने ओळखला जाणारा ठोकताळा. त्याने तुमचे वजन ५८ येते. तिसरा मार्ग बीएमआयचा, म्हणजे किलोंमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या आकड्याचा. तुमच्या उंचीला बीएमआय २५ म्हणजे साधारण ६२ किलो, २३ म्हणजे साधारण ५७ किलो, आणि ५६ म्हणजे २२.४. तेव्हा तुमच्या फाइलवरचा आकडा चुकीचा छापलेला नाही. १५८ सेंटिमीटर उंचीची जी स्त्री आयुष्यात कधी लठ्ठ झालीच नाही, तिच्यासाठी तो ठीक आहे. तुमचे शरीर मात्र ११२ किलोंपर्यंत जाऊन परत फिरलेले आहे.

इथे कोणी विचारील की भारतीयांसाठी बीएमआयच्या मर्यादा उलट अधिक कडक आहेत, २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा, मग मी सूट का देते आहे? मर्यादा कडक आहेत हे खरे आहे आणि त्यामागे कारणही आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणे दिली होती. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, म्हणून आपल्यासाठी धोक्याची घंटा लवकर वाजवायची, हे योग्यच आहे. परंतु ती घंटा काळजी कधी सुरू करायची हे सांगते. शस्त्रक्रियेनंतर कुठे थांबायचे हे सांगण्यासाठी ती बसवलेली नाही. त्याच उदाहरणातून दुसरेही शिकण्यासारखे आहे. काट्यावरचा आकडा आत किती चरबी आणि किती स्नायू आहेत हे सांगत नाही, आणि पुढे मी जे म्हणणार आहे त्यातला निम्मा भाग याच्याशी निगडित आहे.

या 'आदर्श' आकड्याने आणखी एक घोटाळा होतो. आमच्या क्षेत्रात पूर्वीपासून 'जादा वजनापैकी किती टक्के उतरले' असे मोजतात, आणि निम्मे उतरले की शस्त्रक्रिया यशस्वी, असा संकेत आहे. तुमचे २६ किलो उतरले. आदर्श वजन ६२ धरले तर जादा वजन ५० किलो होते आणि त्यातले ५२ टक्के उतरले, म्हणजे तुम्ही उत्तीर्ण. आदर्श ५८ धरले तर जादा वजन ५४ किलो आणि उतरले ४८ टक्के, थोडक्यासाठी नापास. ५६ धरले तर ४६ टक्के, म्हणजे आणखी नापास. बाई तीच, काटा तोच, तारीखही तीच. म्हणून अलीकडे बरीच पथके मूळ वजनाच्या किती टक्के उतरले हेच पाहतात, कारण तिथे भागाकारात कोणाच्या कल्पनेतला आदर्श येत नाही. त्या हिशेबाने सात महिन्यांत तुमचे २३ टक्के वजन उतरले आहे. माझ्यासमोर या टप्प्यावर येणाऱ्यांत हा चांगला निकाल आहे.

हाच हिशेब पुढे नेऊ. स्लीव्हनंतर पहिल्या एक-दीड वर्षात मूळ वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के उतरतात. काहींचे थोडे अधिक, काहींचे कमी. ११२ चे २५ टक्के म्हणजे २८ किलो, तेव्हा वजन ८४. ३० टक्के उतरले तर ७८, आणि ३२ टक्के उतरले तर ७६. ५६ साठी बरोबर निम्मे वजन, ५० टक्के उतरावे लागेल. नणंदेच्या मैत्रिणीचे ५० किलो उतरले असे तुम्ही लिहिता आणि तिचे आधीचे वजन १४० असल्याचेही सांगता. म्हणजे तिचे ३६ टक्के उतरले, तेही बायपासने, जिथे घट सरासरीने थोडी जास्तच असते. ती आज ९० किलोंवर आहे आणि तुम्ही ८६ वर, हे तुमच्या लक्षात आले नसावे, कारण घरी सगळे 'किती उतरले' एवढेच मोजत आहेत.

असे का होते, हेही सांगायला हवे, नाहीतर हा माझा मोघम अंदाज वाटेल. शरीर आपले वजन राखण्याचा प्रयत्न करते. ते उतरू लागले की भूक वाढवणारे संप्रेरक वाढते, पोट भरल्याचे सांगणारी संप्रेरके कमी होतात, आणि शरीर विश्रांतीतही कमी ऊर्जा खर्च करू लागते. लहान झालेल्या शरीराला जितकी ऊर्जा कमी लागायला हवी त्याहूनही थोडी कमी. नुसत्या डाएटने उतरलेले वजन परत येते ते बहुतेक याच कारणाने. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढतात आणि घ्रेलिन हे भुकेचे संप्रेरक मुख्यतः त्याच भागातून येते. त्यामुळे शरीर ज्या पातळीवर वजन राखू पाहते ती पातळीच खाली सरकते. मात्र ती किती सरकेल याला मर्यादा आहे आणि ती मर्यादा तक्ता पाहून ठरत नाही. सातव्या महिन्यात तुमची घट मंदावली आहे ती याच खेळाचा भाग म्हणून. पहिल्या तीन महिन्यांत ज्या वेगाने वजन उतरले त्याच वेगाने वर्षभर उतरत राहावे अशी अपेक्षा ठेवली तर प्रत्येक महिना नापास वाटू लागतो. मंद गतीने का होईना, बाराव्या ते अठराव्या महिन्यापर्यंत काटा खाली सरकत राहतो आणि मग थांबतो.

तो ज्या जागी थांबतो तिथेच कायम राहतो असेही नाही, आणि लक्ष्य ठरवताना ही गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार लोकांचा आणि न झालेल्या तेवढ्याच लोकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. त्यात बायपास झालेल्यांचे वजन एक-दोन वर्षांत सर्वांत कमी झाले तेव्हा ते मूळ वजनाच्या ३२ टक्क्यांनी घटलेले होते, दहा वर्षांनी ही घट २५ टक्के राहिली. त्या अभ्यासात स्लीव्ह नव्हती. स्लीव्हविषयी फिनलंडमधला अभ्यास आहे: २००८ ते २०१० या काळात २४० जणांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून निम्म्यांची स्लीव्ह आणि निम्म्यांची बायपास केली गेली, आणि दहा वर्षांनी स्लीव्हच्या गटात जादा वजनापैकी सुमारे ४३.५ टक्के, तर बायपासच्या गटात सुमारे ५०.७ टक्के घट टिकून होती. तिथे आदर्श म्हणजे बीएमआय २५ धरला होता. ही सरासरी जशीच्या तशी तुम्हाला लावली, जी तशी लावू नये हे मला मान्य आहे, तर दहा वर्षांनी तुमचे वजन ९० किलो येते. म्हणजे दहा वर्षांनी तुम्ही ८२ वर असाल तर फिनलंडच्या सरासरीपेक्षा बऱ्याच पुढे असाल. हे वाचून निराश होऊ नका. स्वीडनच्या त्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेला सरासरी माणूस दहा वर्षांनीही तक्त्याप्रमाणे लठ्ठच होता, तरीही शस्त्रक्रिया न झालेल्या गटाच्या तुलनेत त्या गटातले मृत्यूचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते. ज्या फायद्यासाठी शस्त्रक्रिया केली तो फायदा ५६ च्या दारात वाट पाहत बसलेला नाही.

तरीही कोणाचे वजन कुठे थांबेल हे कशावर अवलंबून असते, ते सांगते. सुरुवातीचे वजन, वय, कोणती शस्त्रक्रिया, मधुमेह आहे का आणि इन्सुलिन घ्यावे लागते का, मानसोपचारातली काही औषधे किंवा स्टेरॉइड चालू आहेत का, गुडघे चालू देतात का, झोप कशी होते. तुम्ही मधुमेह चार वर्षांचा आणि फक्त गोळ्यांवर असल्याचे लिहिले आहे, गुडघे आता बरे आहेत असेही. या गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. पन्नाशीकडे जाताना पाळी थांबण्याचा काळ येईल, ती गोष्ट थोडी विरोधातली. आठवड्याला घ्यायच्या नव्या इंजेक्शनांमुळे हा हिशेब पुढे काहींच्या बाबतीत बदलूही शकतो, पण ती कोणाला, कधी आणि किती काळ द्यायची हा निर्णय तुमच्या डॉक्टरांकडेच राहू द्या.

या सर्वांहून मला जास्त उपयोगी वाटतो तो एक साधा प्रश्न: प्रौढपणी सर्वांत कमी वजन कोणते होते, की जे तुम्ही फार उपाशी न राहता किमान एक वर्ष टिकवलेत? तुम्ही लिहिले आहे की चोविसाव्या वर्षी लग्नात ६८ होते आणि कॉलेजात ६१. ५६ 'बहुधा दहावीत असेन'. म्हणजे फाइलवरचा आकडा तुम्हाला दोन बाळंतपणांच्या आणि पंचवीस वर्षांच्या मागे, दहावीच्या बाकावर नेऊ पाहतो आहे. लग्नातल्या ६८ पर्यंतही फार थोडे जण पोहोचतात. कोणी पोहोचलेच तर मला आनंद होतो, पण त्याची आखणी मी करत नाही.

इथे मला स्वतःची एक चूक सांगायला हवी. पहिली चार-पाच वर्षे मीही प्रत्येकाच्या फाइलवर, वरच्या उजव्या कोपऱ्यात, लाल शाईने एकच आकडा लिहीत असे: 'टार्गेट ५८', 'टार्गेट ७०'. मला वाटे की आकडा समोर असला की माणूस झटतो. काही काळाने मी जुन्या फाइली काढून पाहिल्या तेव्हा लक्षात आले की ज्यांचे वजन लाल आकड्याच्या बरेच वर अडकले होते, नेमके तेच दीड-दोन वर्षांनी तपासणीला येणे बंद करत होते. त्यांतल्या एका बाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, 'मॅडम, पंचाहत्तरच्या खाली आले की येते, आता काय तोंड दाखवू?' त्यांनी ११८ वरून ७९ गाठले होते, म्हणजे ३३ टक्के. त्या लाजेपायी त्यांनी बी-१२ ची तपासणी दोन वर्षे चुकवली होती आणि पायांना मुंग्या येत असूनही कोणाला सांगितले नव्हते. त्या दिवसापासून मी लाल शाई बंद केली. शस्त्रक्रियेनंतर माणसाला खरा आधार असतो तो नियमित तपासणीचा, आणि मी लिहिलेला आकडाच त्यांना त्या आधारापासून तोडत होता.

याच्या उलट उदाहरणही आहे. एका शिक्षिकेने ५५ चा आकडा इतका मनावर घेतला की वर्षभरात ५९ पर्यंत आणला. बारीक दिसत होत्या, कौतुकही होत होते. पण दिवसाला दोन घास पोहे आणि चहा एवढ्यावर त्या राहत होत्या, हिमोग्लोबिन ८ च्या खाली गेले होते, आणि तपासणीच्या टेबलावर आडवे झाल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय त्यांना उठून बसता येत नव्हते. उतरलेल्या किलोंत चरबी किती आणि स्नायू किती हे काटा सांगत नाही, असे वर म्हटले ते यासाठी. वजन उतरताना काही स्नायू जातातच. पण प्रथिने कमी पडली आणि हालचाल नसली की ते फार जातात, शरीराचा ऊर्जाखर्च आणखी घटतो आणि पुढे थोडेसे खाल्ले तरी वजन चढते. त्यांचेही चढले. म्हणून तुमच्या आहारात रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा किंवा खुर्चीतून उठबस करण्याचा व्यायाम आहे का, हे मला काट्याआधी विचारावेसे वाटते. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम आणि वाटीभर घट्ट वरणात ६-७ ग्रॅम प्रथिने मिळतात. त्यावरून तुमचा कालचा दिवस मोजून पाहा. शिवाय पोटावरची आणि दंडांवरची सैल पडलेली कातडी डाएटने विरघळत नाही. ती दोन-चार किलोंची असू शकते आणि तेवढे किलो तुमच्या काट्यावर कायम दिसत राहतील.

मग लक्ष्य ठरवायचे कसे? मी आता एक आकडा देत नाही, पट्टा देते. तुमच्यासाठी तो आज ७६ ते ८४ असा धरीन, आणि तोही कच्च्या पेन्सिलीने. पंधराव्या-सोळाव्या महिन्यात सलग दोन-तीन महिने वजन एका जागी राहिले की तिथे पक्की रेघ ओढायची. समजा ७९ ला थांबले, तर पुढच्या वर्षांत ८२-८३ पर्यंत येणे हे अपेक्षितच धरायचे, ते अपयश नव्हे. ८५ ही मात्र सावधगिरीची रेघ. महिनाभर काटा तिच्या वर राहिला तर तुम्ही तुमच्या पथकाला फोन करायचा, त्यांनी विचारायची वाट पाहायची नाही. माझ्याकडे असा फोन आला तर मी 'काय खाल्लेत?' असे विचारून दम देत नाही. चहासोबतची खारी-बिस्किटे वाढली आहेत का, जेवताना पाणी पिणे परत सुरू झाले आहे का, रात्री झोप लागते का, नवीन औषध सुरू झाले आहे का, छातीत जळजळ होते का, हे पाहते, कारण तीन किलोंवर पकडलेली गोष्ट सुधारते, तेरा किलोंवर आलेली फार कष्टाने सुधारते.

काट्याविषयीही एक सांगते. रोज सकाळ-संध्याकाळ वजन करणारे लोक स्वतःचा छळ करून घेतात. आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा आणि चार आठवड्यांची सरासरी पाहा. पाळीच्या आधी एक-दोन किलो पाणी साठते. काटा एकाच सपाट फरशीवर ठेवा; आमच्या एका बाईंचे वजन देवघरासमोर ८३ आणि स्वयंपाकघरात ८१ भरत असे, कारण स्वयंपाकघरातली शहाबादी फरशी उंचसखल होती. त्या अर्थातच स्वयंपाकघरातच वजन करत.

पट्ट्याच्या जोडीला आणखी काही लक्ष्ये लिहून काढा, आणि ती तुमच्या आयुष्यातली असू द्या. तुम्ही लिहिल्याप्रमाणे तुमची एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ८.४ वरून ५.९ वर आली आहे, आणि गोळ्या निम्म्या झाल्या आहेत. माझ्या दृष्टीने या सात महिन्यांतला सर्वांत मोठा आकडा तो आहे. यकृतावरची चरबी, रक्तदाब, घोरणे, कंबरेचा घेर ही मोजमापे दर सहा महिन्यांनी काट्याशेजारी लिहा. आणि ज्या गोष्टी कोणत्याही रिपोर्टमध्ये येत नाहीत त्याही लिहा: सत्यनारायणाला मांडी घालून बसता येणे, एसटीत दोघांच्या सीटवर अंग न चोरता बसणे, तिसऱ्या मजल्यावर न थांबता चढणे. माझ्याकडे हार्डवेअरचे दुकान चालवणारे एक गृहस्थ येतात. १४८ वरून १०४ वर येऊन थांबले; त्यांना हवे होते ७५. दोन वर्षे प्रत्येक भेटीत ते 'जमलं नाही' असेच म्हणत राहिले. एकदा मी त्यांच्या पायांकडे पाहिले तर नाडीचे बूट होते. आधी कायम चपला असत. मी विचारले तेव्हा म्हणाले, 'पंधरा वर्षांनी नाडी स्वतः बांधतो, आणि पायाची नखंही मीच कापतो, आधी बायको कापायची.' मग जरा थांबून म्हणाले, 'हे फाइलला लिहायचं असतं का?' मी लिहिले.

घरच्यांच्या बोलण्याविषयी थोडेच सांगते, कारण त्यावर माझा अधिकार नाही. 'तीस किलो बाकी आहेत' असे जे म्हणतात त्यांना वाद न घालता तुमच्या गोळ्यांचा जुना आणि नवा कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवा. आणि पुढच्या तपासणीला यजमानांना सोबत न्या. हाच हिशेब तुमच्याऐवजी डॉक्टरांच्या तोंडून ऐकला की पुष्कळदा आवाज खाली येतो. त्याच भेटीत डॉक्टरांना ५६ विषयी थेट विचारा. तो आकडा बहुधा संगणकाने उंचीवरून आपोआप छापलेला असेल, आणि तुमच्यासाठी त्यांनी स्वतः मनाशी काय धरले आहे ते वेगळे असेल. ते फाइलवर लिहून मागा.

आता ब्लाउज. लग्न फेब्रुवारीत म्हणजे तुमच्या अकराव्या महिन्यात येईल आणि तोपर्यंत तुम्ही साधारण ८१-८२ च्या आसपास असाल असे मला वाटते. आज माप दिलेत तर ते तेव्हा छातीत आणि दंडात ढगळ होईल. कापड आता घेऊन ठेवा, माप जानेवारीच्या अखेरीस द्या, आणि शिंप्याला सांगा की दोन्ही बाजूंच्या शिवणीत चांगली दीड इंच माया ठेव, म्हणजे पुढच्या वर्षीच्या दिवाळीत काटा दोन किलो इकडेतिकडे झाला तरी तेच ब्लाउज उसवून बसवता येईल.